गोव्यापेक्षा शिकागो जवळ

हिरासिंग राठोडला कुणी एखाद्या गावाचं अंतर विचारलं तर तो किलोमीटर सांगत नाही. तो रात्री सांगतो. हिंगोली बिनरातीची, सकाळी निघालेला माणूस ऊन असतानाच परत घरी. नांदेडही तसंच. पुणं एका रात्रीचं. तिरुपती दोन रात्रींचं, आणि गाडी चुकली तर तीन.

पुसेगावच्या पुढं काळं रान संपून मुरमाड चढ लागतो, त्या चढावर त्याचा तांडा आहे. खाली सोयाबीन, मधल्या पट्टीत तूर, वर पत्र्याची घरं आणि एका लिंबाखाली देवाचा पांढरा झेंडा. या लोकांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर फिरत. त्या फिरण्याला ते लदेणी म्हणत. लदेणीच्या वाटेवर कोस मोजायला कुणाला सवड नव्हती. बैल थकून जिथं बसतील तिथं रात्र, आणि जितक्या रात्री तितकी वाट लांब. पुढं मीठ रेल्वेनं नेलं, बैल गेले, वाटांवर डांबर पडलं. मोजायची ती रीत मात्र तांड्यात राहिली, आणि आज ती सगळ्यांत पक्की हिरासिंगजवळ आहे.

सत्तरी ओलांडली तरी तो ताठ चालतो. डोक्याला लाल पटका, हातात काठी, पण काठी टेकत नाही, खांद्यावर आडवी धरतो. जवानीत तो ऊसतोडीला जाई. बैलगाड्यांची रांग पश्चिमेकडच्या कारखान्यांकडं चालत निघायची, आणि मुक्काम कुठं टाकायचा हे पोरसवदा हिरासिंग सांगायचा. पाणी कुठं आहे, चारा कुठं मिळेल, कुठल्या गावचे लोक हाकलतील आणि कुठले वाटीभर ताक देतील, सगळं त्याच्या डोक्यात. तेव्हापासून रस्त्याच्या बाबतीत तांड्यात त्याचा शब्द शेवटचा.

पण त्याचं नाव झालं ते एका नेमामुळं. एका रात्रीच्या पलीकडं लेक द्यायची नाही, हा तो नेम. तांड्यात कुणाचीही सोयरीक जमून आली की आधी हिरासिंगकडं येतात आणि विचारतात, "काका, हे गाव किती रातीचं?" एका रात्रीचं निघालं तर पुढं बोलणी. दोन रात्रींचं निघालं तर पाहुण्यांना चहा पाजून वाटेला लावायचं. मग गोळ खाण्याचा प्रश्नच नाही. गोळ खाणं म्हणजे दोन्हीकडच्या पंचांसमोर गूळ वाटून सोयरीक पक्की करणं. गूळ तोंडात गेला की शब्द फिरत नाही.

या नेमाच्या मागं त्याची धाकटी बहीण आहे, जिवनबाई. ती गुलबर्ग्याच्या पलीकडच्या तांड्यात दिलेली. त्या काळी एस.टी. आणि पायवाट मिळून चार रात्रींचा रस्ता. पन्नास वर्षांत ती माहेरी आली फक्त तीनदा. आई आजारी असल्याचा निरोप मिळाला तेव्हा ती कडेवर लेकरू घेऊन निघाली, आणि दारात आली तेव्हा आई गेलेली होती आणि तिच्या चुलीपुढं नवी सून भाकरी थापत होती. ती सून म्हणजे धुरपताबाई, हिरासिंगची बायको. जिवनबाई चुलीकडं बघत उभी राहिली आणि एवढंच म्हणाली, "मी कवाच निघाले होते." ते हिरासिंगच्या काळजात बसलं. पुढं त्यानं आपल्या दोन्ही लेकी जवळच दिल्या, आणि हळूहळू तो नेम सगळ्या तांड्याचा झाला.

तांड्यातले लोक आपसात गोरमाटीत, म्हणजे बंजारा बोलीत, बोलतात. त्यांचं बोलणं इथं आमच्या बाजूच्या मराठीत उतरवलं आहे.

दोन वर्षांपूर्वी दिवाळी झाल्यावर डोंगरकडा गावाकडच्या तांड्यातून रूपसिंग चव्हाण आला. पांढरं धोतर, मनगटावर जड घड्याळ, आणि बोलताना समोरच्याच्या गुडघ्यावर थाप मारायची सवय. त्याचा मुलगा विकास अमेरिकेत शिकागोला कॉम्प्युटरच्या कामात. त्याच्यासाठी तो हिरासिंगची नात मागायला आला होता.

नात ऐश्वर्या. हिरासिंगच्या एकुलत्या एका मुलाची, संतोषची, थोरली. नांदेडला नर्सिंग शिकून तिथंच एका दवाखान्यात कामाला लागलेली. विकासची आणि तिची एका लग्नात गाठ पडली होती. तेव्हापासून दोघं फोनवर बोलत होते, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं आणि माहीत नसल्यासारखं सगळे वागत होते. त्या दिवशी ती सुट्टीवर घरी होती.

"पाव्हणे," रूपसिंगनं हिरासिंगच्या गुडघ्यावर थाप मारली, "पोरगं निर्व्यसनी, पगार चांगला, तुमच्या पोरीला तकलीफ होणार न्हाई."

"किती राती?" हिरासिंगनं विचारलं.

"काय किती राती?"

"शिकागो. जायला किती राती लागतात?"

"विमानाला कसल्या आल्या राती? उडालं की उडालं!"

"उडालं ते दिसतंच. उतरतं कवा?"

रूपसिंग घड्याळाकडं बघू लागला. संतोष मधे पडला. "बा, चौदा हजार किलोमीटरच्या वर हाय म्हणतात."

"बैल किलोमीटर मोजतो का रं?"

"विमानात बैल न्हाईत, बा."

"माणसं हायत ना? माणसाला बी रात झाली की टेकावं लागतं. तू गप."

ऐश्वर्या चहाचे कप घेऊन उंबऱ्यात उभी होती. हिरासिंग तिच्याकडं वळला. "तुला ठावं असंल. सांग, इमान सुटतं कवा आन उतरतं कवा?"

तिनं कप खाली ठेवले. "हैदराबादहून पहाटे चारला सुटतं. मधी दुबईला दुसऱ्यात बसायचं. शिकागोला दुपारी साडेतीनला उतरतं."

"कोणत्या दिवशी?"

"त्याच दिवशी."

हिरासिंगनं डोळे मिटले. अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. सकाळी तांड्यावरून जीप. दुपारी नांदेड. दिवस बुडता बुडता हैदराबाद. तिथं एक रात्र. पहाटे विमान, आणि त्याच दिवशी ऊन असतानाच खाली. अंगठा थांबला. त्यानं पुन्हा पहिल्यापासून मोजलं, आणि पुन्हा तिथंच थांबला.

"एक रात," तो म्हणाला.

संतोषचं तोंड उघडंच राहिलं. "अमेरिका? एक रात?"

"तुझ्यासमोर मोजली ना? पहाटे उडालं, उन्हात उतरलं. मधी रात आलीच कुठं?"

रूपसिंगनं एवढ्या जोरात गुडघ्यावर थाप मारली की चहा बशीत सांडला. पलीकडच्या ओट्यावर जनकाबाई तांदूळ निवडत बसली होती. तिचा हात सुपातच थांबला. जनकाबाई हिरासिंगच्या भावकीतली, तांड्यात कुणाला न भिणारी. सहा वर्षांपूर्वी तिच्या भाचीला गोव्याचं स्थळ आलं होतं. पोरगा तिथं बांधकामावर मिस्त्री, चांगला शिकलेला. हिरासिंगनं तेव्हा पुण्यापर्यंत एक आणि पुण्यावरून एक अशा दोन रात्री मोजल्या होत्या, आणि पाहुणे चहा पिऊन परत गेले होते.

"हिरासिंगभाऊ," तिनं तिथूनच आवाज दिला, "गोवा दोन राती आन अमेरिका एक? म्हंजे गोव्यापेक्षा शिकागो जवळ व्हय?"

"मोजून बघ," हिरासिंग म्हणाला.

"मी काहून मोजू? मोजायचं काम तुमचं. आमी आपलं तांदूळ निवडावं."

आठ दिवसांनी गोळ खायचं ठरलं. दुसऱ्या दिवशी सेनगावच्या बाजारापर्यंत ही गोष्ट गेली. जीपवाले एकमेकांना ओरडून सांगू लागले, "चला शिकागो, एक सीट बाकी!" हिरासिंग ऐकून मिशीत हसायचा. आपली मोजायची रीत समुद्रापलीकडं सुद्धा बरोबर लागू पडली, याचा त्याला मनातून अभिमान वाटत होता.

ऐश्वर्या मात्र जेवेना. विचारलं तेवढ्याचं तिनं खरं उत्तर दिलं होतं, एक शब्द खोटा नव्हता. पण आजोबांनी काय समजून मान हलवली हेही तिला कळलं होतं. गप्प राहिलं तर हवं ते मिळणार होतं. बोललं तर नेम आडवा येणार, आणि आजोबांनी नेम कुणासाठीच वाकवला नव्हता. तीन दिवस तिनं काढले. चौथ्या दिवशी ऊन उतरायला लागल्यावर ती तुरीच्या रानात गेली. हिरासिंग बांधावर बसून मावळतीकडं बघत होता. तूर फुलात होती आणि पिवळ्या फुलांवर माश्या घोंगावत होत्या.

"दादा," ती आजोबांना म्हणाली, "तुमी मोजलं ते चुकलं."

तो हसला. "माझं? रस्त्याचं?"

"हैदराबादहून शिकागोला जायला बावीस तास लागतात."

"बावीस? तूच म्हणालीस, पहाटे चार ते दुपारी साडेतीन."

"चार आपल्या घड्याळातले. साडेतीन त्यांच्या घड्याळातले. तिथं दुपारी साडेतीन वाजतात तवा इथं मध्यरात्र होऊन गेलेली असते."

हिरासिंगचा अंगठा पुन्हा बोटांच्या पेरांवरून फिरला. मग म्हणाला, "मंग इमानातली रात कुठं गेली?"

"झालीच न्हाई. विमान मावळतीकडं पळतं. दिवस पण मावळतीकडंच जातो. दोघं संगंसंगं. त्यामुळं आतल्या माणसाला दिवस बुडताना दिसतच न्हाई."

त्यानं समोर बघितलं. सूर्य तुरीच्या शेंड्याला आला होता. ऊसतोडीच्या गाड्या पश्चिमेला चालायच्या तेव्हा संध्याकाळ अशीच डोळ्यांत यायची, बैलांची शिंगं लाल व्हायची, आणि मुक्काम जवळ आला तरी उजेड हटायचा नाही. बैल बिचारे दिवसाला कुठं गाठणार! पण एखादं जनावर खरंच तेवढं पळणारं असतं तर काय झालं असतं, हे त्याला बसल्या जागी उमगलं. उमगलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"तवाच काहून न्हाई बोललीस?"

"तुमी इचारलं तेवढं सांगितलं."

"पोरी, हे वकिलाचं बोलणं झालं."

ती खाली बघत राहिली. "बोलले असते तर तुमी न्हाई म्हणाला असता."

"व्हय."

"म्हणून न्हाई बोलले."

"मंग आता काहून बोलून राहिलीस? चार दिवस अजून गप राहिली असतीस तर गोळ झाला असता. माझा शब्द मंग मलाच फिरवता आला नसता."

"तुमचा शब्द फसवून नेला असता," ती म्हणाली, "तर तिकडं जाऊन मला तो रोज टोचला असता."

दोघं अंधार पडायच्या आत घरी आले. चुलीपुढं धुरपताबाई भाकरी करत होती, संतोष भिंतीला टेकून बसला होता. हिरासिंगनं सगळं सांगितलं. संतोष लगेच सरसावून बसला.

"बा, तुमचा नेम रातीचा हाय. तासांचा हाय का? रात तर एकच होते. मंग नेम कुठं मोडला? कुणाला काय सांगायची गरजच न्हाई."

हिरासिंगनं मान हलवली. त्यालाही वाटेत हेच सुचलं होतं. खरोखर, रात्री मोजल्या तर एकच भरत होती. त्यानं खोटं मोजलं नव्हतं, दिवसच तेवढा लांब निघाला होता. गोळ खाता आला असता, मानही राहिला असता.

धुरपताबाईनं तव्यावरची भाकरी उलटली. "आन येताना?" ती म्हणाली.

"काय येताना?"

"जाताना एक रात. येताना किती?"

हे कुणी मोजलंच नव्हतं. सगळ्यांनी ऐश्वर्याकडं बघितलं.

"येताना विमान उगवतीकडं पळतं," ती हळू आवाजात म्हणाली. "दिवस अंगावरून लवकर निघून जातो. एक रात विमानात, मंग एक छोटा दिवस, आन दुबईत उतरेपर्यंत पुन्हा रात. दोन राती. तास उलट थोडे कमीच लागतात, पण राती दोन."

"म्हंजे दोन," धुरपताबाई म्हणाली. तिनं भाकरी काढून टोपलीत ठेवली, हात पदराला पुसले. "तुमी सगळं आयुष्य जायची वाट मोजली. बाप निघाला तर कवा पोचंल, भाऊ निघाला तर कवा पोचंल. जिवनबाईला कोण गेलं होतं आणायला? ती स्वतः निघाली होती. लेकरू कडेवर घेऊन. माझ्या डोळ्यांपुढं ती दारात उभी राहिली. तिची वाट तुमी कवा मोजली?"

हिरासिंग त्या रात्री जेवला कमी. ओट्यावर जाऊन बसला आणि दिवे लागलेल्या घरांकडं बघत राहिला. बहिणीसाठी म्हणून नेम धरला, आणि इतकी वर्षं त्यात बहिणीच्या बाजूनं एकदाही उभं राहून बघितलं नाही. घरात कुणी त्याला छेडलं नाही. तो गप्प बसतो तेव्हा काहीतरी ठरवत असतो, हे त्यांना ठाऊक होतं.

गोळ खायच्या दिवशी लिंबाखाली सतरंज्या टाकल्या. डोंगरकड्याकडून दोन जीपभर माणसं आली. परातीत गूळ फोडून ठेवला होता आणि त्यावर माश्या बसू नयेत म्हणून कोरा रुमाल. मधे स्टुलावर फोन उभा केला होता. त्यात विकास दिसत होता. त्याच्या मागची खिडकी काळी होती, तिकडं रात्र होती. त्यानं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि झोप आवरत होता.

रूपसिंग परातीकडं हात नेणार तोच हिरासिंग उभा राहिला.

"जरा थांबा. मी मोजायला चुकलो."

हिरासिंगनं सगळ्यांसमोर सांगितलं. विमान कसं दिवसाबरोबर पळतं, बावीस तासांत रात्र का होत नाही, आणि येताना दोन रात्री कशा होतात. सांगताना तो अडखळला नाही. मग बायका बसल्या होत्या त्या बाजूला वळला. "जनकाबाई, तुझ्या भाचीचं गोव्याचं स्थळ मी परत धाडलं. त्या पोरीला मी इचारलं बी न्हाई."

जनकाबाईनं डोक्यावरचा पदर नीट केला. मग म्हणाली, "तिला पोरगा पसंत होता. आता जिंतूरकडं नांदून राहिली हाय, बरी हाय. पण पसंत तो होता."

"व्हय," हिरासिंग म्हणाला.

रूपसिंगचा चेहरा ताठ झाला होता. "पाव्हणे, जीप भरून माणसं आणलीत मी. आता तुमी न्हाई म्हणून राहिलात का?"

"न्हाई म्हणत न्हाई. माझा नेम आजपासून मी सोडला. किती राती लांब हे मी मोजणार न्हाई, ते तिनं बघावं. ती व्हय म्हणती, मी बी व्हय म्हणतो. पण एक इचारायचं हाय, ते तुमाला न्हाई, पोराला." तो फोनपुढं वाकला. फोनमधल्या माणसाशी ओरडून बोलावं लागतं असं त्याला वाटायचं, म्हणून सगळ्या तांड्याला ऐकू गेलं. "विकास! माझ्या नातीला एखाद्या दिवशी घरी यावंसं वाटलं, तर ती कुणाला इचारून निघंल?"

विकास सरळ बसला. "कुणालाच न्हाई, दादा. मला सांगून निघंल."

"सांगून का इचारून?"

"सांगून."

"आन तो पासपोर्ट काय म्हणतात, तो कुणापाशी राहील?"

"तिच्या पेटीत."

"पेटी कुणाची?"

"तिचीच."

"चावी?"

विकास गोंधळला. मागून कुणीतरी फिसकन हसलं. "दादा, इकडच्या पेटीला चावी नसती, नंबर असतो," तो म्हणाला. "तो तीच ठेवंल. मला सांगणार बी न्हाई."

आता सगळेच हसले. रूपसिंगला मात्र हसू आलं नाही. "आमच्यात सून सासऱ्याला इचारल्याबिगर माहेरी जात न्हाई," तो म्हणाला.

"तुमी डोंगरकड्याला, ती शिकागोला," हिरासिंग म्हणाला. "तुमाला इचारायला ती भर दुपारी फोन करंल तवा तुमी घोरत असाल. कशाला म्हाताऱ्या माणसाची झोप मोडायची?"

"म्हातारा कोण? मी तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान हाय!"

"मंग तर तुमाला झोपेची जास्त गरज."

डोंगरकड्याहून आलेली माणसंसुद्धा हसू लागली. रूपसिंगनं आजूबाजूला बघितलं, फोनमधल्या मुलाकडं बघितलं. मुलगा बापावरची नजर काढत नव्हता. रूपसिंगनं हात उचलला. सवयीनं तो हिरासिंगच्या गुडघ्यावर जायला हवा होता, पण हिरासिंग उभा होता. मग तो हात परातीवर गेला आणि त्यानं रुमाल बाजूला केला.

"ऐश्वर्या, तुझं काय?" धुरपताबाईनं विचारलं. तिकडं कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

"मी तर पहिल्यापासून व्हयच म्हणून राहिले," ऐश्वर्या म्हणाली.

गूळ वाटला गेला.

लग्न उन्हाळ्यात झालं. पुढचं वर्ष व्हिसाच्या कागदांत गेलं, त्या वर्षात ती नांदेडला नोकरी करत राहिली. मृगाच्या तोंडावर तिचं जाणं ठरलं. हैदराबादला संतोष पोचवायला गेला. हिरासिंग गेला नाही. पेरणीचे दिवस होते, असं त्यानं कारण दिलं. दुसऱ्या दिवशी, आपल्याकडं दिवस मावळून गेल्यावरही, तो आभाळाच्या मावळत्या बाजूला बघत बसला होता. तिकडं कुठंतरी ती अजून उन्हातच होती. सकाळी फोन आला. "दादा, दिवस बुडतच नव्हता," ती म्हणाली. "सगळ्यांना खिडक्या झाकून झोपा म्हणत होते. मी कडेनं थोडी उघडून बघितली, बाहेर नुसतं ऊन."

त्यानं विचारलं, "खायला काय दिलं?"

पुढं महिने गेले. आता कुणी सोयरीक घेऊन आलं की लोक सवयीनं हिरासिंगकडं येतात. तो रस्ता सांगतो, गाड्या सांगतो, कुठं उतरून कुठं बसायचं ते सांगतो. हो किंवा नाही काही सांगत नाही. म्हणतो, पोरीला इचारा. काहींना हे आवडत नाही. हिरासिंग म्हातारपणी ढिला पडला, असं म्हणणारेही आहेत.

यंदा होळीला चार दिवस होते. ओढ्याच्या काठचे पळस पेटल्यासारखे फुलले होते. सकाळी दहाच्या सुमाराला हिरासिंगचा फोन वाजला.

"दादा, मी नांदेडला हाय. जीपमधी बसले."

त्याच्या हातातली काठी खाली पडली. "कोण? ऐश्वर्या? काय झालं गं? पोरगं चांगलं हाय ना? भांडण झालं का?"

"काहीच न्हाई झालं."

"मंग?"

"यावंसं वाटलं."

"विकास?"

"त्याला सांगितलं. आठवड्यानं तो बी येऊन राहिला, होळी तेवढी हुकंल त्याची."

हिरासिंगनं फोन धुरपताबाईच्या हातात दिला आणि चढ उतरून खाली रस्त्यावर गेला. जीपला यायला अजून बराच वेळ होता. तो तिथंच एका दगडावर बसला. येणाऱ्या-जाणाऱ्यांनी विचारलं, काका, कुठं निघाला? तो म्हणाला, "न्हाई, कुठंच न्हाई."

जीप आली. ऐश्वर्या उतरली. चेहरा सुजल्यासारखा, डोळे लाल, केस कसेतरी बांधलेले. त्यानं तिला वरपासून खालपर्यंत बघितलं. ती त्याच्या पाया पडायला वाकली आणि वाकता वाकता तिला जांभई आली. मग दोघंही हसत सुटले.

घरी धुरपताबाईनं ताट वाढलं. दोन घास खाऊन ऐश्वर्या भिंतीला टेकली, आणि तिसरा घास हातात असतानाच झोपली. संतोषनं तिला उचलून आतल्या खाटेवर ठेवलं.

बाहेर ऊन डोक्यावर आलं होतं. पोरगी आली हे तांड्यात पसरायला वेळ लागला नाही. बायका येऊ लागल्या. कुणी मिरच्या, कुणी वाटीत दही, कुणी नुसतीच बघायला. हिरासिंग दारात आडवी काठी टाकून बसला होता.

"आत न्हाई जायचं."

"काहून? आजारी हाय का?"

"झोपली हाय."

"भर दुपारची?"

"तुमची दुपार. तिची रात चालू हाय."

बायका ओट्यावर बसल्या आणि कुजबुजत बोलू लागल्या. लेकरं आली, त्यांना त्यानं डोळ्यांनीच गप्प केलं. होळीच्या गाण्यांची तयारी करणारी पोरं लिंबाखाली डफ तापवत होती. पहिली थाप पडली तसा हिरासिंग उठला, खांद्यावर काठी टाकून तिथं गेला आणि त्यांना म्हणाला, "पोरांनो, वाजवायचा तर ओढ्याच्या पलीकडं जाऊन वाजवा. संध्याकाळी या, ती उठली म्हंजे."

पोरं डफ घेऊन ओढ्याकडं उतरली. हिरासिंग परत आला. आतल्या खिडकीतून खाटेवर उन्हाची पट्टी पडली होती. त्यानं डोक्यावरचा पटका सोडला, खिडकीच्या दोन्ही खिळ्यांना बांधून घट्ट ताणला, आणि खोलीत अंधार झाला का ते दारातून वाकून बघितलं.